प्रश्न तुमचे: चिप मोजते एका वेगानं, आपण वाचतो दुसऱ्याच

या वेळच्या टपालात सेन्सरची तीन पत्रं आली आणि तिन्हींची तक्रार एकच: ‘कंटिन्युअस मोड (न थांबता मोजत राहणं) लावलाय, तरी आकडे पटत नाहीत.’ पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तिथं एक फौंडेशन फुटायच्या बेतात आहे. खाली रजिस्टरचे, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवायच्या खणांचे, पत्ते आणि त्यात लिहायचे आकडे हेक्समध्ये (१६ च्या पायावर) समजा. हर्ट्झ, मिलिसेकंद असं एकक जोडलेलं असेल तिथं नेहमीचेच आकडे.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. सँड प्लांटच्या डस्ट कलेक्टरचा ब्लोअर हल्ली जास्त हादरतो अशी ऑपरेटरची तक्रार आहे. मोटर १४४० आरपीएम, इम्पेलर डायरेक्ट कपल, पाती ८. मी एडीएक्सएल ३४५ या हादरे मोजणाऱ्या चिपचा बोर्ड आणून आर्डुइनो उनोला जोडला. आधी तिन्ही अक्षांवर शून्यच येत होतं. २डी रजिस्टरमध्ये ०८ लिहिल्यावर आकडे सुरू झाले. रेट ८०० हर्ट्झ ठेवलाय. लूपमध्ये सेकंदाला साधारण १०० वेळा वाचतो आणि ग्राफ बघतो. ग्राफवर सेकंदाला ८ हेलकावे घेणारी लाट स्वच्छ दिसते. एवढी संथ लाट म्हणजे फौंडेशनच सैल, असं सुपरवायझर साहेबांचं म्हणणं आहे. पुढच्या सुट्टीला फौंडेशन फोडायचं ठरतंय. सेन्सर सतत मोजतोय म्हणजे आकडे बरोबरच असणार ना? — एक वाचक, शिरोली

उत्तर : ब्रेकर आणायची घाई नको. ती ८ हर्ट्झची लाट बहुतेक ब्लोअरमध्ये नाहीच. ती तुमच्या वाचण्याच्या पद्धतीतून जन्माला आली आहे.

साधा हिशेब घाला. १४४० ला ६० ने भागलं की सेकंदाला २४ फेरे. दर फेऱ्याला ८ पाती केसिंगच्या तोंडावरून जातात, म्हणजे सेकंदाला १९२ धक्के. ब्लोअरच्या हादऱ्यात हा १९२ हर्ट्झचा सूर असणारच, तो कुठल्याही पंख्यात असतो. आता तुम्ही सेकंदाला १०० वेळा डोकावता. १०० च्या वेगानं वाचून ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं कळतं. त्यावरचं जे काही असेल ते खाली दुमडून येतं. १९२ ला सगळ्यात जवळची १०० ची पट २००, दोघांतला फरक ८. तुमची लाट ती हीच.

उद्यमनगरात जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली लेथ चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ५० हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोर-जॉ चक बरोबर १५०० आरपीएमवर असेल तर त्याचे जबडेही सेकंदाला १०० वेळा त्याच जागी येतात, आणि फिरणारा चक डोळ्यांना थांबलेला दिसतो. म्हणून तर जुने कारागीर मशिनवर वेगळा साधा बल्ब लावल्याशिवाय हात घालत नसत.

खात्री करून घ्यायची असेल तर बोर्ड जागचा न हलवता लूपमधला डिले वाढवा आणि सेकंदाला ९० वाचनं येतील असं करा. लाट खरी असेल तर ती ८ वरच राहील. दुमडून आलेली असेल तर १९२ वजा १८०, म्हणजे १२ हर्ट्झवर जाईल. फौंडेशनला तुमचा डिले ठाऊक नसतो. मोटरवर लोड कमी-जास्त झाला की स्लिप (विजेच्या वेगामागं मोटर किती रेंगाळते ते) बदलते आणि १९२ चा १९४ सुद्धा होतो, तेव्हा आकडा थोडा इकडं-तिकडं झाला तरी बिघडत नाही. लाट सरकते की नाही, एवढंच बघायचं.

आता मूळ मुद्दा. २डी मध्ये ०८ लिहिलं की चिप मोजायला लागते आणि थांबवेपर्यंत मोजत राहते. त्याआधी ती स्टँडबायमध्ये असते, म्हणून तुम्हाला शून्य दिसत होती. पण सतत मोजते ती चिप. तुमचा प्रोग्राम त्यातलं किती उचलतो याच्याशी तिचं देणंघेणं नाही. तुम्ही ८०० चा रेट दिलाय, म्हणजे सेकंदाला ८०० नवे आकडे तयार होतात. त्यातले १०० तुम्ही घेता, ७०० जुने नव्यांखाली पुसले जातात आणि त्याची कुठंही बोंब होत नाही. वर, ८०० च्या रेटला चिप ४०० हर्ट्झपर्यंतचे हादरे आत घेते, म्हणून १९२ चा सूर अडत नाही. रेट १०० ठेवला असता तर चिपच्या आतल्या फिल्टरनंच ५० च्या वरचं बरंचसं छाटलं असतं. थोडक्यात, चिपला जलद ठेवून आपण सावकाश वाचणं हाच सगळ्यात वाईट मेळ आहे, आणि नेमका तोच मेळ सगळीकडं बघायला मिळतो. जास्त रेट म्हणजे जास्त अचूक असं वाटतं ना, म्हणून.

रस्ते दोन. फक्त २४ हर्ट्झचा, म्हणजे फेऱ्याचा हादरा बघायचा असेल तर २सी मध्ये ०ए लिहा, रेट १०० होईल. मग डिलेच्या भरवशावर न राहता डेटा रेडीची खूण आली की वाचा. ३० रजिस्टरमधला ७ क्रमांकाचा बिट ती खूण देतो. पण तुम्हाला कपलिंग, पाती, सैल बोल्ट सगळंच तपासायचं आहे, तेव्हा मी दुसरा रस्ता धरायला सांगेन: ८०० नेच मोजा आणि एकही आकडा सोडू नका.

त्यासाठी चिपमध्ये ३२ खणांचा फिफो, म्हणजे आधी आलेला आकडा आधी बाहेर देणारी रांग, आहे, तो बहुतेक जण वापरतच नाहीत. क्रम असा ठेवा. आधी २डी मध्ये ०० लिहून मोजणं थांबवा. २सी मध्ये ०डी, म्हणजे ८०० हर्ट्झ. ३१ मध्ये ०बी, म्हणजे फुल रिझोल्युशन आणि उणे १६ ते अधिक १६ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण). या मापात एक अंक सुमारे ३.९ मिली-जी, आणि १ जी म्हणजे २५६ अंक. ३८ मध्ये ९०. या ९० मध्ये दोन गोष्टी दडल्या आहेत: वरचे दोन बिट स्ट्रीम मोड (रांग भरली की जुने पुसून नवे घेणं) लावतात, खालचे पाच बिट १६ हा वॉटरमार्क (किती संच साठले की कळवायचं तो आकडा) ठरवतात. २एफ मध्ये ००, म्हणजे सगळे इंटरप्ट (चिपनं कंट्रोलरला दिलेल्या हाका) आयएनटी १ च्या पायावर. २ई मध्ये ०२, म्हणजे वॉटरमार्कचा इंटरप्ट चालू. आणि शेवटी, सगळं लिहून झाल्यावरच, २डी मध्ये ०८. मोजणं चालू असताना मध्येच सेटिंग बदललं की पहिले काही आकडे जुन्या मापाचे आणि पुढचे नव्या मापाचे अशी खिचडी हातात येते.

आता दर २० मिलिसेकंदांनी चिप पाय वर करून सांगेल की १६ संच तयार आहेत. ३२ पासून ३७ पर्यंतचे सहा बाइट एका दमात वाचायचे, असं १६ वेळा. एका दमात हे महत्त्वाचं. एक्सचे दोन बाइट आत्ता आणि वायचे दोन नंतर असं वाचलं तर तीन अक्ष तीन वेगळ्या क्षणांचे होतात, आणि हादऱ्याची दिशा काढायला ते निरुपयोगी. प्रत्येक जोडीत आधी खालचा बाइट येतो, मग वरचा. तुम्हाला उशीर झाला तर रिकामा फिफो पूर्ण भरायला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाय वर झाल्यावर आणखी २० मिलिसेकंदांची उसंत आहे. त्याहून उशीर झाला की ३० रजिस्टरचा शून्य क्रमांकाचा बिट वर येतो: ओव्हररन. तो बिट दर खेपेला तपासा आणि वर आला तर ती खेप फेकून द्या. फाटलेल्या डेटावर काढलेली फ्रिक्वेन्सी ही थापच.

उनोवर हे सगळं बसेल का? आय-स्क्वेअर-सी बस (चिप आणि आर्डुइनोला जोडणारी दोन वायरींची जोडणी) आधी ४०० किलोहर्ट्झवर न्या. आर्डुइनो आपणहून १०० वर चालतो, आणि त्या वेगाला या चिपची डेटाशीट २०० हर्ट्झच्या वर जाऊ नका म्हणते. ४०० किलोहर्ट्झला मर्यादा ८०० हर्ट्झ. १६०० किंवा ३२०० हवे असतील तर एसपीआय या जास्त जलद जोडणीनं जोडावं लागतं. खरी अडचण पुढं, कॉम्प्युटरकडं पाठवताना येते. तीन आकडे, स्वल्पविराम आणि ओळ मोडणं धरून १६ अक्षरांची ओळ धरा. ११५२०० बॉडला सेकंदाला ११५२० अक्षरं जातात, म्हणजे ७२० ओळी. तुम्हाला हव्यात ८००. थोडक्यात हुकतं, पण हुकतं. ९६०० बॉडला तर ६० ओळींवरच गाडी अडते. मजकूर न पाठवता सरळ सहा बाइट पाठवा, ४८०० बाइटमध्ये काम होतं. एका सेकंदाचा डेटा साठवून मग पाठवू म्हणाल तर उनोची रॅम २ केबी, ते ४८०० बाइट मावत नाहीत. ईएसपी ३२ असेल तर हा प्रश्नच येत नाही. फक्त बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे हे ध्यानात ठेवा.

बोर्ड डबल टेपनं चिकटवला असेल तर आधी तो काढा. टेपचा फोम वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. बेअरिंग हाउसिंगवरचा रंग खरवडून लहान पट्टी एपॉक्सीनं बसवा आणि बोर्ड तिला स्क्रूनं आवळा. फौंड्रीतली काळी धूळ बोर्डावर बसू देऊ नका. डबी बंद हवी आणि वायर ग्लँडमधून घ्या. आय-स्क्वेअर-सीच्या वायरी एखाद्या हाताहून लांब नकोत, आणि ड्राइव्हच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून तर अजिबात नकोत. कंट्रोलर ब्लोअरजवळच ठेवा आणि पॅनेलपर्यंत आरएस ४८५ न्या.

मग काय बघायचं? २४ हर्ट्झचा हादरा आडव्या दिशेला मोठा आणि बाकी सगळं शांत असेल तर इम्पेलरचं बॅलन्स गेलंय. डस्ट कलेक्टरची एखादी पिशवी फाटली की धूळ इम्पेलरपर्यंत पोचते, पात्यांवर एका अंगाला साचते किंवा पातं खाते. माझा पहिला संशय तिथंच आहे. फौंडेशन फोडण्याआधी इन्स्पेक्शन डोअर उघडून पाती खरवडून काढायला एक शिफ्टसुद्धा लागत नाही. ४८ हर्ट्झ वर आला आणि शाफ्टच्या दिशेलाही हादरा असेल तर कपलिंगची अलाइनमेंट बघा. फौंडेशनचा संशय फिटेना तर बोर्ड आधी बेसच्या पायावर आणि मग त्याच बोल्टशेजारी काँक्रीटवर लावा. पाय जोरात हलतोय आणि काँक्रीट गप्प आहे, तर बोल्ट किंवा ग्राउटिंग सैल. दोन्ही सारखेच हलत असतील तर बोल्टवर खापर फोडू नका.

एक मर्यादा आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचं पत्र येईल. बेअरिंग खराब व्हायला लागल्याची सुरुवातीची लक्षणं काही किलोहर्ट्झवर दिसतात. ४०० हर्ट्झपर्यंत बघणाऱ्या या मांडणीला ती दिसणार नाहीत. ग्राफ शांत आहे म्हणून ग्रीसिंग पुढं ढकलू नका.

प्रश्न : काका, मी गडहिंग्लजची, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. उसाच्या सरीतून सरळ रेषेत जाणारी फवारणीची गाडी हा आमचा प्रोजेक्ट आहे. दिशेसाठी जीवाय २७१ हा होकायंत्राचा बोर्ड ऑनलाइन मागवला. विकणाऱ्यानं एचएमसी ५८८३एल असं लिहिलं होतं. त्याची लायब्ररी घातली तर चिप सापडतच नाही. स्कॅनरमध्ये पत्ता १ई ऐवजी ०डी दिसतो. मित्रानं लायब्ररीतला पत्ता बदलून दिला, तर आता सगळी शून्यं येतात. बोर्ड खराब आहे का? — एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : बोर्ड खराब नाही, नाव चुकीचं आहे. पत्ता ०डी म्हणजे तुझ्याकडं क्यूएमसी ५८८३एल आहे. ही वेगळ्या कंपनीची वेगळी चिप. नाव सारखं, काम तेच, पण आतली रजिस्टरं सगळी निराळी. नुसता पत्ता बदलून भागत नाही. एचएमसीची लायब्ररी ‘सतत मोज’ हा हुकूम ०२ या रजिस्टरला देते. क्यूएमसीत ०२ हा मोजलेला आकडा ठेवायचा खण आहे, तिथं लिहून काहीच होत नाही. चिप स्टँडबायमध्येच बसून राहते, म्हणून शून्यं.

क्यूएमसीसाठी आधी ०बी मध्ये ०१ लिही, मग ०९ मध्ये ०१. या दुसऱ्या ०१ मध्ये चारही गोष्टी ठरतात: सतत मोजणं, १० हर्ट्झ, २ गॉसची (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) रेंज आणि ५१२ चं ओव्हरसॅम्पलिंग (एका आकड्यासाठी अनेकदा मोजणं). माणसाच्या चालीनं जाणाऱ्या गाडीला सेकंदाला १० वेळा दिशा कळली तरी पुरतं. वळणावर कमी पडतंय वाटलं तर ०५ लिही, ५० हर्ट्झ होईल. २०० हर्ट्झच्या नादी लागू नको. मग ०६ चा शून्य क्रमांकाचा बिट वर आला की ०० ते ०५ सहा बाइट एकदम वाच. इथं आधी खालचा बाइट, आणि क्रम एक्स, वाय, झेड.

आकडा बरोबर आहे का हे असं पडताळ: आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अंदाजे ०.४ गॉस आहे. २ गॉसच्या रेंजला १ गॉस म्हणजे १२००० अंक, तेव्हा तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलंस की ४८०० च्या आसपास आलं पाहिजे. बोर्ड कसाही फिरवला तरी. दुप्पट-तिप्पट येत असेल तर मोटरचं चुंबक जवळ आहे. पंपाच्या मोटरपासून बोर्ड लांब, काठीवर उंच बसव. ०६ चा १ क्रमांकाचा बिट वर येत असेल तर क्षेत्र रेंजच्या बाहेर गेलंय. तेव्हा ०९ मध्ये १५ लिहून ८ गॉसची रेंज आणि ५० हर्ट्झ घे, मात्र मग १ गॉसला ३००० अंकच मिळतात. गाडी पूर्ण जोडून झाल्यावर एकदा गोल फिरवून प्रत्येक अक्षाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टिपून ठेव, दोन्हींचा मध्य दर वाचनातून वजा कर. हे टेबलावर नाही, गाडीवर बसवल्यावर करायचं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. गच्चीवरच्या दुर्बिणीची दिशा कळावी म्हणून जुना एचएमसी ५८८३एल बोर्ड लावला आहे. पत्ता १ई बरोबर सापडतो. प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे. मोड रजिस्टरमध्ये ०० लिहून सतत मोजणं चालू केलं. झेड अक्ष लागत नसल्यानं ०३ पासून चारच बाइट वाचतो. पहिला आकडा येतो, पण नंतर दुर्बीण फिरवली तरी तोच आकडा राहतो. पहिल्या आकड्यावरून काढलेली दिशाही चुकते. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर, चारच बाइट वाचल्यानं दोन्ही दुखणी एकदम लागली आहेत. या चिपमध्ये आकड्यांचा क्रम एक्स, झेड, वाय असा आहे. आपण एक्स आणि वाय समजून घेता ते एक्स आणि झेड आहेत, म्हणून दिशा चुकते. आणि सहापैकी काहीच बाइट वाचले की चिप उरलेले बाइट वाचले जाईपर्यंत सगळे खण कुलूपबंद करते. अर्धा आकडा जुना, अर्धा नवा असं होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. ०९ रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट वर आलेला आपल्याला दिसेल. सहाही बाइट वाचा आणि झेड फेकून द्या, कुलूप आपोआप उघडेल. मोड रजिस्टर नुसतं वाचलं तरी हेच कुलूप लागतं, तेव्हा ‘मोड बरोबर आहे ना’ म्हणून ते मधूनमधून वाचायची सवय असेल तर तीही सोडा. इथं वरचा बाइट आधी येतो, वर गडहिंग्लजच्या उत्तरात सांगितलेल्याच्या उलट.

दुर्बिणीला घाई नसते, म्हणून ०० रजिस्टरमध्ये ७० लिहा: ८ मोजमापांची सरासरी आणि सेकंदाला १५ आकडे. ०१ मध्ये २० असू द्या, १ गॉसला १०९० अंक मिळतात. आपल्याकडचं क्षेत्र धरून एकूण ४३५ च्या आगेमागे यायला हवं. हा गेन, म्हणजे १ गॉसला किती अंक ते, बदलला तर त्यानंतरचं पहिलं वाचन जुन्याच गेनचं असतं, ते टाकून द्या. कुठल्याही अक्षावर नेमका उणे ४०९६ आला तर त्याला दिशा समजू नका, तो अक्ष मापाबाहेर गेल्याची खूण आहे. दुर्बिणीचा स्टँड लोखंडी असेल किंवा बोर्ड स्लॅबलगत असेल तर सळईमुळंही आकडे ओढले जातात. बोर्ड नळीच्या वरच्या टोकाला, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आणि पितळी स्क्रूनं लावा.